फेन्सिंगची सुरुवात कशी करावी? (११ वर्षांची डावखुरी मुलगी आणि मी स्वतः, पुणे)

सईची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी ११ वर्षांची, सहावीत, डावखुरी. तिला फेन्सिंग शिकायचं आहे. मोठ्यांनाही बॅचमध्ये घेतात असं कळलं, म्हणून मलाही शिकायचं आहे (वय ३८). राहायला वारज्यात.

फॉइल, इपी आणि सेबर यांतलं नेमकं काय निवडायचं? पहिल्या दिवशी काय काय विकत घ्यायचं आणि काय थांबून घ्यायचं? डाव्या हाताचं सामान वेगळं लागतं का? वर्ग चांगला आहे हे आपल्यासारख्या नवख्या माणसाने कशावरून ओळखायचं? आणि एक. ती दोन वर्षं मर्दानी खेळ शिकली आहे, लाठी आणि थोडा दांडपट्टा. त्याचा उपयोग होईल, की सवयी मोडाव्या लागतील?

नुसतं "जवळच्या क्लबला भेट द्या" नको, जरा सविस्तर सांगा.

पवित्रा

ताई, शस्त्राचं आधी बोलू, कारण पुढची सगळी खरेदी त्यावर ठरते. तिन्हींत वजनाचा फरक थोडा आहे, खरा फरक नियमांचा आहे.

फॉइल ५०० ग्रॅमच्या आत, लांबी ११० सेंमीपर्यंत. फक्त टोक टेकलं तरच टच, आणि तोही धडावर. हात, पाय, डोकं यांवर लागलं तर गुणांच्या विजेच्या पेटीवर पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो, गुण कुणालाच नाही. इपी तेवढीच लांब पण ७७० ग्रॅमपर्यंत जड, मुठीपुढची हात झाकणारी वाटी मोठी. इथेही टोकच, पण डोक्यापासून बुटाच्या टोकापर्यंत कुठेही लागलं तरी गुण. सेबर १०५ सेंमी आणि ५०० ग्रॅम. टोकाने भोसकता येतं, पात्याने छाटताही येतं. कमरेच्या वरचं सगळं अंग, डोकं आणि मनगटापर्यंतचे हात धरून, लक्ष्यात येतं.

आता जे कळायला नवख्यांना सगळ्यात जड जातं ते. फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचे दिवे एकदम लागले तर गुण मिळालाच तर एकालाच मिळतो, आणि तो कुणाला हे पंच ठरवतात. नियम असा: ज्याने आधी हात लांब करत समोरच्याला धमकावत चाल सुरू केली, हल्ल्याचा हक्क त्याचा. समोरच्याने तो वार आपल्या पात्याने अडवला (पॅरी) किंवा मागे सरकून हुकवला, की हक्क त्याच्याकडे येतो आणि उलटा वार (रिपोस्ट) त्याचा मानला जातो. नवखी मुलं करतात काय, की समोरून हल्ला येतोय हे दिसत असूनही न अडवता स्वतःचा हात पुढे करतात. दोन्ही दिवे लागतात, गुण समोरच्याला जातो आणि मूल रडवेलं होऊन विचारतं, "माझाही दिवा लागला होता ना?" हे एकदा नीट समजलं की फॉइल आवडायला लागतं.

इपीत हा हक्काचा भाग नाहीच. जो आधी लागला त्याचा गुण. दोघांचे टच ४० मिलिसेकंदांच्या आत आले तर दोघांनाही एकेक गुण. म्हणून इपी संयमाचा खेळ आहे. समोरच्याचं मनगट आणि पुढचा हात सगळ्यात जवळचं लक्ष्य असल्यामुळे हात कसा लपवायचा हेच आधी शिकावं लागतं.

माझं मत विचाराल तर सईला फॉइल द्या आणि तुम्ही इपी घ्या. फॉइलमध्ये लक्ष्य लहान असल्याने टोकावर ताबा येतो, आणि अडवून मगच मारायची शिस्त लागते. पुढे शस्त्र बदललं तरी ते वाया जात नाही. चाळिशीच्या आसपास सुरू करणाऱ्याला इपी बरी पडते. पंचाचा निर्णय समजण्यात पहिले सहा महिने जात नाहीत आणि धावपळीपेक्षा डोकं जास्त चालतं. सेबर वेगवान आहे. पहिल्याच दोन पावलांत निकाल लागतो, पोटऱ्या आणि टाचा तयार नसल्या की दुखापत लवकर होते. ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय फेन्सर भवानी देवी सेबरचीच. टोकियोत (२०२१) तिने पहिली लढत १५-३ जिंकली, दुसरी ७-१५ हरली, आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. त्या लढती मुलीला जरूर दाखवा, फक्त पायांकडे बघायला सांगा.

मात्र या सगळ्याच्या वर एक गोष्ट. तुमच्या वर्गात ज्या शस्त्राचे आठ-दहा जण नियमित येतात तेच शस्त्र घ्या. जोडीदाराविना शस्त्र घरच्या भिंतीला टेकून राहतं.

डावखुरेपणाबद्दल: फायदाच आहे. बहुतेकांचा सराव उजव्यांशी होतो, डावखुरा समोर आला की कोन बदलतात आणि अंदाज चुकतो. उजव्या-डाव्याच्या लढतीत दोघांचे शस्त्राचे हात एकाच बाजूला येतात, त्यामुळे एरवी सहज झाकली जाणारी हाताची बाहेरची बाजू उघडी पडते. सईलाही हाच धोका आहे, म्हणून तिला सुरुवातीपासून ही बाहेरची बाजू झाकणारी सहावी पॅरी (सिक्स्ट) पक्की करून द्या. पिस्टवर (लढतीच्या लांबट पट्ट्यावर) उभं राहताना ती पंचाच्या डाव्या हाताला आणि उजवा खेळाडू उजव्या हाताला असतो, म्हणजे दोघांची छाती पंचाकडे येते. पहिल्या स्पर्धेत हे माहीत नसलं की मुलं गोंधळतात.

पट्टेकरी

मर्दानी खेळाच्या प्रश्नापुरतं लिहितो.

उपयोग नक्की होईल. शस्त्र अंगावर येताना डोळे मिटत नाहीत, मांड्या तयार असतात, दोन माणसांमधलं अंतर नजरेला कळतं. हे तिन्ही फेन्सिंगमध्ये शिकवायला महिने लागतात.

मोडाव्या लागतील अशा सवयीही तीन. दांडपट्ट्यात मूठ कोपरापर्यंतच्या खोबळ्यात असते, मनगट बांधलेलं राहतं आणि वार खांदा-कोपरातून फिरतो. फेन्सिंगमध्ये नेमकं उलट आहे. टोक हलवतात अंगठा आणि तर्जनी, बाकीची तीन बोटं नुसती आधार देतात, खांदा तर सैलच हवा. पट्टा शिकलेली मुलं फॉइल घट्ट आवळून धरतात आणि पॅरी हातभर रुंद करतात. पॅरी एका वितीपेक्षा मोठी झाली की टोक परत लक्ष्यावर आणायला वेळ जातो आणि रिपोस्ट हुकतो.

दुसरी सवय गिरकीची. लाठी-पट्ट्यात चौफेर फिरावं लागतं, शत्रू सगळीकडून येतो अशी कल्पना असते. पिस्ट मात्र १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद, चालायचं सरळ रेषेत. समोरच्याकडे पाठ फिरवली तर पिवळं कार्ड, परत तीच चूक झाली तर लाल कार्ड आणि समोरच्याला फुकट गुण.

तिसरी उडीची. उडी मारून वार करण्यात शोभा आहे, पण हवेत असताना दिशा बदलता येत नाही आणि समोरचा एक पाऊल मागे सरकला की संपलं. हे तिला एकदा शस्त्र हातात न देता, फक्त पावलांचा पाठलाग खेळवून दाखवा. लगेच पटतं.

तपकीर_गल्ली

सामानाबद्दल. पहिल्या दोन महिन्यांत फक्त दोन वस्तू विकत घ्या: बूट आणि ग्लोव्ह. बाकी सगळं वर्गाचं वापरा.

बूट फेन्सिंगचेच हवेत असं नाही. बॅडमिंटनचे, गम सोलचे, टाचेत थोडी गादी असलेले चालतात. धावण्याचे जाड सोलचे बूट नकोत. लंजमध्ये (पुढचा पाय लांब टाकून वार करताना) पाऊल आडवं घसरतं तेव्हा जाड सोल कलंडतो आणि घोटा मुरगळतो. मोजे गुडघ्यापर्यंतचे.

ग्लोव्ह शस्त्राच्या हाताचा एकच लागतो, म्हणजे सईला डावा. त्याची बाही इतकी लांब हवी की कोपर ते मनगट यातलं निम्मं अंतर झाकलं जाईल, आणि ती जॅकेटच्या बाहीच्या वरून यायला हवी. आतून घातली तर समोरच्याचं टोक थेट बाहीत शिरतं. मनगटाजवळ शस्त्राला जोडायची वायर बाहेर काढायची चीर असते ती बघून घ्या.

तिसऱ्या महिन्यात मास्क. हा दुसऱ्याचा वापरत राहणं स्वच्छतेलाही बरं नाही आणि मापालाही. घालून मान जोरात खाली-वर, डावी-उजवीकडे हलवा. सरकला तर नको. हनुवटी आतल्या गादीवर टेकली पाहिजे, मागची पट्टी नवी आणि घट्ट हवी. जाळीवर बोट फिरवा, खड्डा लागला तर तो मास्क बाद. मास्कची तपासणी १२ किलोच्या टोचणीने होते. जाळी एका जागी दबली तर तार तिथे ताणली जाते आणि ती ताकद उरत नाही, म्हणून ठोकून सरळ केलेला जुना मास्क स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. फॉइलसाठी घेणार असाल तर हनुवटीखालचा झालर-भाग विजेच्या कापडाचा हवा. इपीसाठी साधा.

मग जॅकेट, ब्रीचेस (गुडघ्यापर्यंतची विजार) आणि आतलं प्लास्ट्रॉन. जॅकेटवर ३५० किंवा ८०० न्यूटन (कापड किती जोर सोसतं त्याचं माप) असं लिहिलेलं असतं. वर्गाला आणि सुरुवातीच्या खेळाला ३५० पुरतं, एफआयईच्या (जागतिक फेन्सिंग महासंघाच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धांना ८०० लागतं. प्लास्ट्रॉन मात्र पहिल्यापासूनच ८०० चं घ्या. ते शस्त्राच्या बाजूची काख आणि छाती झाकतं, आणि त्याच्या काखेत शिवण नसते. शिवण असेल तर ते प्लास्ट्रॉन नव्हेच. ऑन गार्डमध्ये (लढतीच्या सज्ज पवित्र्यात) वाकल्यावर जॅकेट ब्रीचेसवर किमान १० सेंमी आलं पाहिजे. मुलं वाढतात म्हणून मोठं घेण्याचा मोह होतो, पण ढगळ जॅकेटच्या घडीत टोक अडकतं. एक माप मोठं ठीक, दोन नको.

मुलींना आणि बायकांना चेस्ट गार्ड सक्तीचा आहे. फॉइलसाठी बाहेरून मऊ फोम असलेला घ्या. गुळगुळीत प्लास्टिकवरून टोक घसरतं, म्हणून नियमच तसा आहे.

डाव्या हाताचं वेगळं काय लागतं? ग्लोव्ह, प्लास्ट्रॉन, बाजूने बंद होणारं जॅकेट आणि तशाच ब्रीचेस (बंद शस्त्राच्या विरुद्ध बाजूला असतो, म्हणजे तिच्या उजव्या बाजूला), फॉइलचं लामे (जॅकेटवरून घालायचं, टच नोंदवणारं विजेच्या कापडाचं जाकीट) आणि पिस्टल मूठ (पिस्तुलासारखी, बोटांना खोबणी असलेली). मास्क, बूट, बॉडी वायर (अंगावरून शस्त्रापर्यंत जाणारी वायर) दोन्ही हातांना सारखेच. ऑर्डर देताना "डावा" हा शब्द प्रत्येक वस्तूपुढे स्वतंत्र लिहा. एकदाच वर लिहून चालत नाही, उजवी मूठ हमखास येते.

शस्त्र सगळ्यात शेवटी. पात्याला नंबर असतो. मोठ्यांचं ५ नंबर, म्हणजे पातं ९० सेंमी. अकरा वर्षांच्या मुलीला २ नंबर, ते त्याहून सात-आठ सेंमी आखूड. लांब पात्याने फायदा होतो असं मुलांना वाटतं, पण टोक जड होऊन खाली लोंबतं आणि मनगट दुखतं. पहिली मूठ सरळ फ्रेंच घ्या, बोटांचं काम तिच्यावर चांगलं कळतं. वर्षभराने पिस्टल.

सईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुठेच एकत्र वाचायला मिळालं नव्हतं. आता घरच्या सरावाचं सांगाल का? हॉलमध्ये शहाबादी फरशी आहे, आणि वर गच्ची. माझे गुडघे जिना उतरताना कधी कधी कुरकुरतात. लंजने वाढेल का?

लंज_रिकव्हर

ताई, गुडघा लंजने बिघडत नाही, चुकीच्या लंजने बिघडतो. म्हणून हे सावकाश वाचा आणि आरशासमोर करून बघा. पहिले तीन महिने माणूस पायांनीच शिकतो. हातात शस्त्र नसलं तरी चालतं, किंबहुना नसलेलंच बरं.

फरशीवर टेपची तीन मीटर सरळ रेघ मारा. पुढच्या पावलाची बोटं रेघेवरून थेट समोर, मागचं पाऊल त्याला काटकोनात, दोन्ही टाचा रेघेवर. टाचांमधलं अंतर स्वतःच्या दीड-दोन पावलांएवढं. गुडघे वाकवा, वजन मधोमध. आता खाली बघा: पुढच्या गुडघ्याची वाटी पावलाच्या मध्यावर यावी, आणि मागचा गुडघा मागच्या बोटांच्या दिशेला. मागचा गुडघा आत पडणं ही सगळ्यात सर्रास चूक आहे आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. मांडी दमली की तो आपोआप आत पडतो. पडला की थांबायचं, संख्या पूर्ण करायची नाही.

पुढे जाताना पुढच्या पायाची बोटं उचला, टाच टेका, मग पंजा. मागचं पाऊल बरोबर तेवढंच पुढे. मागे जाताना आधी मागचं पाऊल, मग पुढचं. दहा पावलं पुढे आणि दहा मागे झाल्यावर टाचांमधलं अंतर परत मोजा. निम्मं झालं असेल तर मागचा पाय आळशीपणाने ओढला जातोय. आरशावर डोळ्यांच्या उंचीला टेपची आडवी पट्टी लावा. चालताना डोळे पट्टीच्या वर-खाली होता कामा नयेत. उसळी दिसली की समोरच्याला तुमचं पाऊल आधीच कळतं.

आता लंज. क्रम असा, आणि क्रमच सगळं आहे: आधी हात सरळ, पण खांदा न उचलता. मग पुढच्या पायाची बोटं वर आणि टाच जमिनीला जवळजवळ घासत पुढे. त्याच वेळी मागचा गुडघा ताठ करून मागच्या पावलाने जमीन ढकलायची. ताकद तिथून येते, पुढच्या पायातून नाही. टेकताना टाच आधी. टेकल्यावर नडगी जमिनीला काटकोनात उभी. गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणजे लंज जास्त आखूड पडला किंवा धड पुढे झुकलं. मागचं पाऊल पूर्ण सपाट जमिनीवर राहिलं पाहिजे, आतल्या कडेवर लोळलं तर घोट्यावर ताण येतो. परत येताना आधी मागचा गुडघा वाकवायचा आणि पुढच्या टाचेने ढकलायचं. बहुतेक जण धड मागे टाकून उठतात, त्याने कंबर धरते.

तपासायला एक नाणं पुरे. बूट घालून पुढच्या टाचेखाली एक रुपया ठेवा आणि लंज करा. पाय बरोबर निघाला तर नाणं फरशीवरून सुर्रकन पुढे जातं. पाय आधी वर उचलला गेला तर नाणं जागच्या जागी राहतं. शहाबादी फरशी या कामाला उत्तम आहे.

हात आधी निघतो की पाय, हे कळायला मायलेकींनी जोडीने करा. एकीने ग्लोव्ह खांद्याच्या उंचीला लांब हातात धरायचा, दुसरीने लंजच्या अंतरावर ऑन गार्ड उभं राहायचं. ग्लोव्ह सोडला की लंज करून पकडायचा. पाय आधी हलला तर ग्लोव्ह हमखास खाली पडतो.

किती करायचं? दिवसाआड १५ ते २० मिनिटं. सईने दहा लंजचे तीन सेट. तुम्ही पहिले तीन आठवडे अर्धाच लंज, म्हणजे टाच नेहमीच्या पावलाच्या दीडपट अंतरावर, आणि आठचे दोन सेट. जिन्यावर कुरकुर वाढली तर लंज बंद, नुसती पावलं चालू ठेवा, आणि फिजिओथेरपिस्टला एकदा गुडघा दाखवाच. शेवटी दुसऱ्या पायानेही एक सेट दोघींनी करायचा. हा खेळ एकांगी आहे, एकच मांडी जाड होते आणि कंबर वाकडी खेचली जाते.

फरशीवर अनवाणी किंवा मोज्यांवर लंज अजिबात नको, टाच ठेचते. योगा मॅट सरकते, तीही नको. गच्ची उन्हाळ्यात सकाळी चांगली, पण जूननंतर शेवाळ धरतं. तेव्हा घरातच.

भिंतीवर टोकाचा सराव सुरू कराल तेव्हा जुनी उशी नीट बांधून तिच्यावर पाच सेंमीचं वर्तुळ शिवा. टोक लागल्यावर पातं वरच्या बाजूला कमानीसारखं वाकलं पाहिजे. बाजूला किंवा खाली वाकत असेल तर मूठ हातात फिरलेली आहे. तसंच मारत राहिलं तर पातं लवकर तुटतं.

सहावा_पॅरी

लंज_रिकव्हर यांनी पात्याचं काढलंच आहे म्हणून सुरक्षेचं लिहितो. घरच्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

या खेळात भीती तलवारीच्या टोकाची नाही, तुटलेल्या पात्याची आहे. धड पातं वाकतं आणि जोर शोषून घेतं. तुटलेलं पातं वाकत नाही आणि त्याची कड धारदार असते. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह याच्या मास्कमधून समोरच्याचं तुटलेलं पातं आत गेलं आणि काही दिवसांनी तो गेला. आज आपण जे मास्क, जाड कापडं आणि मॅरेजिंग पोलादाची (सहज न तुटणाऱ्या खास पोलादाची) पाती वापरतो, त्यांच्यामागे ती घटना आहे.

म्हणून हे नियम मुलीला पहिल्या दिवशीच. मास्क नसलेल्या माणसाकडे टोक कधीच न्यायचं नाही, गमतीतही नाही. "हॉल्ट" ऐकलं की त्याच क्षणी थांबायचं, आणि पंचांनी सांगेपर्यंत मास्क काढायचा नाही. चालताना टोक जमिनीकडे. रोज सुरू करण्यापूर्वी पात्यावरून कापडाने बोटं फिरवायची. खाच, चीर किंवा एकाच जागी कोन दिसला तर ते बाजूला ठेवायचं. पात्याची हळुवार गोलाई चालते. फॉइल आणि इपीत एक सेंमीपर्यंत, सेबरमध्ये चार सेंमीपर्यंत नियमात बसते. एका बिंदूत मोडलेलं मात्र तिथेच तुटणार. कपड्यांत प्लास्ट्रॉन विसरलं तर त्या दिवशी लढत नाही, फक्त पावलं.

वर्ग ओळखायचाही हाच मार्ग. एक तास नुसतं बसून बघा. प्रशिक्षक प्लास्ट्रॉन तपासतात का? मुलं रांगेत उभी असताना शस्त्रं कुठे ठेवतात? एका तासात पायांवर किमान १५-२० मिनिटं जातात का, की आल्याबरोबर लढती लावून देतात? पहिल्याच आठवड्यात लढवणारा वर्ग मुलांना आवडतो, पण वाईट सवयी तिथेच लागतात. गुणांची विजेची पेटी आणि रील (खेळाडूला पेटीशी जोडणारी, गुंडाळली जाणारी वायर) आहे का, आणि प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा तरी प्रशिक्षकांसोबत दहा मिनिटांचा स्वतंत्र धडा मिळतो का, हेही विचारा. प्रशिक्षक जिल्हा संघटनेशी जोडलेले आहेत याची खात्री करा, कारण जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या प्रवेशिका तिकडूनच जातात. शालेय स्पर्धा वेगळ्या. त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि शाळेनेच नाव पाठवावं लागतं. सईच्या पीटीच्या सरांशी जूनमध्येच बोलून ठेवा.

पुण्यात आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमध्येही फेन्सिंग आहे, पण तिथे निवड झालेले खेळाडू असतात, हौशी बॅच नव्हे. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात फेन्सिंगची स्पर्धा लागेल तेव्हा मात्र दोघी दिवसभर बघायला जा. गटातल्या लढती पाच गुणांच्या आणि तीन मिनिटांच्या, बाद फेरीच्या पंधरा गुणांच्या. एका दिवसात शंभर लढती दिसतात. नेहमीच्या सरावाला वारज्याहून संध्याकाळी चांदणी चौक ओलांडून जाणं आठवड्यातून तीनदा जमेल का, याचा खरा हिशेब करा. जवळचा साधा वर्ग आणि तीन दिवस, हे लांबच्या नामांकित वर्गाच्या एका दिवसापेक्षा कितीतरी बरं.

तपकीर_गल्ली

विजेचं सामान घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सगळे अडकतात, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतून एक साधा मल्टीमीटर घ्या. निम्म्या तक्रारी त्यानेच सुटतात.

फॉइलचं सर्किट एरवी जोडलेलं असतं, टोक दाबलं की तुटतं. इपीचं एरवी तुटलेलं असतं, दाबलं की जोडतं. म्हणून फॉइल खेळताना काही न करता पांढरा दिवा सारखा लागला तर वायर कुठेतरी तुटली आहे. इपीत वायर तुटली तर उलट होतं, टोक कितीही दाबा, दिवाच नाही. इपीत समोरच्याच्या वाटीवर टोक लागून दिवा येत असेल तर बॉडी वायरची तिसरी, वाटीकडे जाणारी तार गेलेली असते. फॉइलमध्ये धडावर लागूनही पांढराच दिवा आला तर समोरच्याचं लामे तिथे मेलं आहे, किंवा त्याच्या पाठीवरची मगर-क्लिप निसटली आहे.

बॉडी वायरचा रोध एक ओहमपेक्षा जास्त नको. लामेवर कुठल्याही दोन ठिकाणी पाच ओहमच्या आत हवा. मोजताना मल्टीमीटरची टोकं रोवू नका, कापडाला भोक पडतं. वायर बहुतेक वेळा प्लगपासून दोन-तीन सेंमीवर तुटते, कारण लोक वायर धरून ओढतात. तेवढा तुकडा कापून नव्याने स्क्रूखाली बसवला की झालं.

टोकाची स्प्रिंगही तपासली जाते. फॉइलने ५०० ग्रॅमचं वजन आणि इपीने ७५० ग्रॅमचं वजन स्वतःच्या जोरावर वर उचललं पाहिजे, तेही दिवा न लागता. दमट हवेत टोकात मळ साचून ते चिकटतं. टोक काढताना खाली पांढरा रुमाल पसरा. त्यातले स्क्रू तिळाएवढे असतात, फरशीवर पडले की सापडत नाहीत.

सईची_आई

शेवटचा एक प्रश्न. लामे आणि जॅकेट धुवायचं कसं? मशीनमध्ये चालतं का?

तपकीर_गल्ली

जॅकेट, ब्रीचेस आणि प्लास्ट्रॉन मशीनमध्ये चालतात. गार पाणी, सौम्य पावडर, ब्लीच आणि कम्फर्ट दोन्ही नको. चेन लावून, वेल्क्रो बंद करून, उलटं करून टाका. ड्रायर नको, सावलीत वाळवा.

लामे मशीनमध्ये कधीच नाही. घामातलं मीठ त्यातली तार खातं, म्हणून सराव संपल्यावर ते बॅगेत कोंबू नका, हँगरवर पंख्याखाली टांगा. महिन्यातून एकदा बादलीत कोमट पाणी आणि चमचाभर सौम्य लिक्विड साबण घालून दहा मिनिटं बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात बुडवून जाड हँगरवर थेंब गळत ठेवा. घडी पडली की तिथली तार तुटते. पावसाळ्यात दोन दिवस लागतात वाळायला, त्यामुळे स्पर्धेच्या आदल्या रात्री धुवायला काढू नका. शस्त्रं ओल्या कपड्यांसोबत एका कप्प्यात ठेवली तर रात्रीतून गंज येतो. घरी आल्यावर पातं कोरड्या कापडाने पुसा, गंजाचे ठिपके दिसले तर बारीक पॉलिश पेपर टोकाच्या दिशेने फिरवा. फॉइल-इपीच्या पात्यावर एका बाजूला खाचेत चिकटवलेली बारीक तार असते, पेपर त्या बाजूला लावायचा नाही.